एका समीकरणाची पाठपरंपरा

हस्तलिखितांचा अभ्यास करणाऱ्याला एक गोष्ट लवकरच कळून चुकते. लेखनिकाच्या हातून झालेली ढळढळीत चूक फारसा त्रास देत नाही. ती डोळ्यांत खुपते आणि पुढचा एखादा शहाणा लेखनिक ती दुरुस्त करून टाकतो. खरा त्रास होतो तो अर्थाला बाधा न आणता गळालेल्या शब्दाचा. एखादा 'बहुधा' गळतो, एखादा 'जर' गळतो, वाक्य तरीही सुबोध राहते, किंबहुना पूर्वीपेक्षा अधिक सुबोध होते, आणि पुढच्या साऱ्या प्रती त्या गळतीवरच वाढत जातात.

प्रस्तुत लेखात आम्ही अशाच एका गळतीचा मागोवा घेणार आहोत. मात्र ही पोथी वाङ्मयाची नव्हे. यकृतातील कर्करोगाची गाठ विजेच्या उष्णतेने जाळण्यापूर्वी संगणकावर जे गणित मांडले जाते, त्याची ही पोथी आहे. आम्ही ना वैद्य, ना अभियंते. पण संहिता हातोहात उतरत जाताना तिचे काय होते, हा आमच्या नित्याच्या विचाराचा विषय आहे. आणि येथे पाठभेदाची किंमत मिलिमीटरांत मोजावी लागते, एवढ्यासाठीच आम्ही आमचे कुंपण ओलांडत आहोत.

आधी उपचाराविषयी थोडेसे. रेडिओफ्रीक्वेन्सी अब्लेशन असे त्याचे भारदस्त नाव. पोटाच्या कातडीतून एक लांब सुई यकृतातील गाठीत सरकवतात. तिचे टोक सोडून बाकीचा भाग विद्युतरोधक वेष्टणात असतो. मांडीवर किंवा पाठीवर एक मोठी पट्टी चिकटवलेली असते. सुईचे टोक आणि ही पट्टी यांच्यामधून सुमारे ४५० ते ५०० किलोहर्ट्झ वारंवारितेचा प्रवाह सोडला जातो. इतक्या वेगाने दिशा बदलणाऱ्या प्रवाहाने स्नायू आखडत नाहीत आणि मज्जातंतूंना धक्का बसत नाही, हे पॅरिसच्या आर्सेन दार्सोनव्हाल यांनी १८९१ सालीच दाखवून दिले होते. धक्का नाही, पण उष्णता मात्र आहे. ऊतींमधील आयन प्रवाहाबरोबर मागेपुढे हेलकावतात आणि त्या घर्षणाने ऊती तापतात. म्हणजे सुई स्वतः तापून गाठीला डागत नाही. गाठच आतून तापते. बोस्टनमध्ये १९२६ साली हार्वे कुशिंग यांनी विल्यम बोव्ही यांच्या यंत्राने मेंदूच्या शस्त्रक्रियेत रक्तस्राव थांबवला, तेही याच जातीच्या प्रवाहाने. यकृतासाठी त्याचा विचार बराच उशिरा झाला. इटलीत रोस्सी आणि कॅलिफोर्नियात मॅकगहान यांच्या गटांनी १९९० साली, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, प्राण्यांच्या यकृतावरचे प्रयोग प्रसिद्ध केले. माणसांवरील उपचार लगोलग सुरू झाले.

साठ अंशांच्या वर पेशी जवळजवळ तत्क्षणी मरते. पन्नास अंशांना काही मिनिटे लागतात. शंभराजवळ पाणी उकळते, वाफ होते, ऊती कोळपते आणि कोळपलेली ऊती प्रवाहच अडवते. तेव्हा तापवायचे ते साठ ते शंभर यांच्या मधल्या अरुंद पट्ट्यात. शिवाय नुसती गाठ जाळून भागत नाही. तिच्याभोवती निदान ५ मिलिमीटरांची निरोगी कडाही जळावी लागते, कारण डोळ्यांना न दिसणाऱ्या रोगपेशी त्या कडेत दबा धरून असू शकतात. ३ सेंटिमीटरांची गाठ असेल तर ४ सेंटिमीटरांचा गोल जाळायचा. त्या गोलाला लागून पित्तवाहिनी असेल, आतडे असेल, छाती आणि पोट यांमधला पडदा असेल, तर मर्यादा दुसऱ्या बाजूनेही आखलेली. कमी जळले तर रोग परततो. जास्त जळले तर नवेच दुखणे.

आता मेख अशी, की सुईच्या टोकाजवळची उष्णता फार झपाट्याने मंदावते. टोक गोल आहे असे धरले, तर अंतर दुप्पट होताच प्रवाहाने थेट निर्माण होणारी उष्णता सोळाव्या हिश्श्यावर येते. विजेने खरोखर तापते ते काही मिलिमीटरांचे कवच. त्यापलीकडचा सारा प्रदेश त्या कवचातून झिरपत आलेल्या उष्णतेने तापतो, आणि झिरपत असतानाच वाहते रक्त ती उष्णता धुऊन नेत असते. म्हणजे जेथे बरे होणे न होणे ठरते, त्या बाहेरच्या कडेवर विजेचे राज्य नसतेच. तेथे चालते ते वहनाचे आणि रक्ताचे. संगणकाला या रक्ताबद्दल काय सांगितलेले आहे, हा प्रश्न म्हणूनच नुसता गणिताचा राहत नाही.

वहनाचा भाग फूरिए यांचा. ग्रनोबलला प्रांताधिकारी म्हणून कारभार हाकता हाकता त्यांनी धातूंच्या पट्ट्या आणि कड्या तापवून पाहिल्या; १८०७ साली पहिला निबंध सादर केला, लाग्रांजसारख्यांचे आक्षेप झेलले आणि १८२२ साली ग्रंथ सिद्ध केला. हा पाठ भक्कम आहे. त्यावर आम्ही अधिक लिहीत नाही. धातूच्या पट्टीत रक्त नसते, एवढेच त्याबाबत ध्यानात ठेवायचे.

रक्त आणले ते हॅरी पेन्स यांनी. १९४८ साली, 'जर्नल ऑफ अप्लाइड फिजिऑलॉजी' या नियतकालिकाच्या पहिल्याच खंडात, कोलंबिया विद्यापीठातील या संशोधकाचा तीसेक पानांचा निबंध आला. त्याचे शीर्षक मराठीत सांगायचे तर 'विश्रांत मानवी अग्रबाहूतील ऊती आणि रोहिणीरक्त यांच्या तापमानांचे विश्लेषण' असे होईल. शीर्षकातील एकेक शब्द नीट पाहण्याजोगा आहे. विश्रांत. मानवी. अग्रबाहू. नऊ जण आडवे पहुडलेले, साध्या खोलीच्या हवेत, आणि त्यांच्या कोपरापुढच्या हातातून बारीक थर्मोकपलची तार आरपार ओढून घेतलेली. तार सरकवत जायची आणि कातडीपासून हाताच्या गाभ्यापर्यंत जागोजागचे तापमान टिपायचे. काम चिकाटीचे आणि, त्या नऊ जणांच्या बाजूने पाहिले तर, सोसण्याचे.

टिपलेल्या आकड्यांचा अर्थ लावण्यासाठी पेन्स यांनी हात म्हणजे एक लांबट वृत्तचिती आहे असे मानले आणि फूरिए यांच्या समीकरणात दोन पदांची भर घातली. पहिले, पेशींच्या स्वतःच्या चयापचयातून येणाऱ्या उष्णतेचे. दुसरे, रक्ताचे. रोहिणीतून येणारे रक्त एका तापमानाचे आहे, ऊती दुसऱ्या तापमानाची आहे. या दोहोंतील फरक जेवढा आणि रक्ताचा पुरवठा जेवढा, तेवढी देवघेव. इतके साधे, की शाळकरी मुलालाही समजावून सांगता यावे. पण मूळ निबंधात या पदात आणखी एक गुणक आहे: एकातून वजा केलेला एक अंक. त्या अंकाला आज बहुधा कप्पा हे ग्रीक अक्षर लावतात. कप्पा शून्य असेल तर रक्ताने ऊतीशी पुरेपूर बरोबरी साधली, तिचे तापमान घेऊनच ते बाहेर पडले. कप्पा एक असेल तर रक्त आले तसे गेले, देवघेव झालीच नाही. वास्तव या दोहोंच्या मध्ये कुठेतरी असणार. नेमके कुठे, हे ठरवण्यास आधार नव्हता. म्हणून पेन्स यांनी आकडेमोडीपुरता तो शून्य धरला. रक्तपुरवठ्याचा आकडाही त्यांनी वेगळा मोजलेला नव्हता. टिपलेल्या तापमानांशी गणिताचा वक्र जुळावा असा तो निवडला होता.

हे त्यांनी लपवलेले नाही. समीकरणात कप्पा लिहिणे हीच त्याची कबुली आहे. 'बरोबरी पूर्ण होते असे मी धरतो' या वाक्यातला 'धरतो' म्हणजे ते अक्षर.

पुढच्या प्रतींत ते अक्षर नाही. आज पेन्स यांच्या नावाने जे 'जैव-उष्णता समीकरण' पाठ्यपुस्तकांत आणि शोधनिबंधांत छापले जाते, त्यात रक्ताचे पद जवळजवळ नेहमीच कप्पाविना येते. शून्य धरलेली गोष्ट लिहायची कशाला, हा लेखनिकाचा तर्क बिनतोड आहे. पण लिहिलेले शून्य आणि न लिहिलेले शून्य एक नव्हे. पहिले वाचकाला थांबवून विचारते, 'हे शून्यच आहे ना?' दुसरे काहीच विचारत नाही. शीर्षकातील 'विश्रांत' आणि 'अग्रबाहू' हे शब्दही असेच संदर्भसूचीच्या ओळीत जाऊन बसले, आणि समीकरण हात सोडून यकृतात, हृदयात, मेंदूत शिरले. पेन्स यांचे नाव पुढे पॉल होख आणि जेम्स कॅटेल यांच्याबरोबर मेस्कलिन व एलएसडी यांच्या परिणामांवरील १९५२ सालच्या निबंधावर दिसते. आपल्या हाताच्या गणिताला पुढे कोणते दिवस येणार होते, याची त्यांना कल्पना असण्याचे कारण नव्हते.

या पोथीत दुसऱ्या हाताने लिहिलेले एक प्रकरण आहे, तेही पाहायला हवे. तापमान कळले म्हणजे मृत्यू कळला असे होत नाही. किती अंशांना किती वेळ, याचा हिशेब लागतो. तो हिशेब येतो १९४७ सालच्या मॉरिट्झ आणि हेन्रिक्स यांच्या भाजण्यावरील निबंधमालेतून. हार्वर्डच्या या दोघांनी डुकरांच्या कातडीवर, आणि काही प्रमाणात माणसांच्याही, ठरावीक तापमान ठरावीक वेळ लावून पाहिले. ४४ अंशांना कातडी जळायला सुमारे ६ तास लागतात. त्यावर काही अंशांपर्यंत दर अंशाला ही मुदत साधारण निम्मी होत जाते. हेन्रिक्स यांनी या निरीक्षणांना रसायनशास्त्रातील जुने सूत्र लावले. स्वीडनच्या स्वांते अऱ्हेनियस यांनी १८८९ साली साखरेचे द्रावण तापमानाबरोबर किती वेगाने पालटते यासाठी वापरलेले ते सूत्र. त्यातून जो स्थिरांक निघाला त्यात ९८ शून्यांची शेपटी आहे. असल्या अवाढव्य संख्यांचा गुण असा, की सोबतचा दुसरा आकडा किंचित हलला की उत्तर कुठच्या कुठे जाते.

त्याहून मनोरंजक गोष्ट पुढे आहे. हेन्रिक्स यांच्या हिशेबात बेरीज एकावर पोहोचली म्हणजे बाह्यत्वचेची पूर्ण जाडी मेली. कायमची इजा तर ०.५३ लाच सुरू झालेली असते. नंतरच्या प्रतिरूपकारांनी तीच 'एक' ही संख्या घेतली, पण तिचा अन्वय बदलला: शंभरातील ६३ पेशी मेल्या, असा. गणिताने हा अन्वय बसतो, त्यात लबाडी नाही. मात्र एकच अंक एका पिढीने 'सर्व' असा वाचला आणि दुसरीने 'त्रेसष्ट टक्के' असा, हे आमच्यासारख्या अर्थभेदावर उपजीविका करणाऱ्यांना चकित करणारे आहे. यकृताच्या कित्येक प्रतिरूपांत बराच काळ डुकराच्या कातडीचेच आकडे वावरत होते. यकृतासाठी वेगळे स्थिरांक नंतर आले.

तिसरा हात विद्युतवाहकतेचा. तिचे सर्वांत जास्त उद्धृत होणारे कोष्टक गॅब्रिएल आणि सहकाऱ्यांचे, १९९६ सालचे. त्यातील मोजणी बहुतांशी प्राण्यांच्या, देहाबाहेर काढलेल्या ऊतींवरची. जिवंत यकृत, त्यातही गाठ, प्रवाह वेगळ्या प्रकारे वाहून नेते.

सांधण्याचे काम संगणकाने केले. विमानांचे पंख आणि धरणांच्या भिंती यांवरचा ताण मोजण्यासाठी अभियंत्यांनी एक युक्ती काढली होती: अवघड आकाराचे हजारो लहान तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकड्यात गणित सोपे करायचे आणि मग सारे जोडायचे. रे क्लफ यांनी १९६० साली तिला 'फायनाइट एलिमेंट' हे नाव दिले. १९९० नंतर हृदयातील अनियमित ठोक्यांवरच्या याच उपचारासाठी तिचा उपयोग होऊ लागला. पनेस्कू आणि सहकाऱ्यांचे त्रिमितीय गणित १९९५ सालचे. पाठोपाठ यकृताची पाळी आली. रुग्णाच्या सीटी स्कॅनवरून यकृत, गाठ आणि रक्तवाहिन्या वेगळ्या काढायच्या, पडद्यावर सुई ठेवून पाहायची, तुकड्यातुकड्यांत वीज, वहन, रक्त आणि मृत्यू यांची समीकरणे सोडवायची आणि जळणाऱ्या प्रदेशाची सीमा रेखायची. २००८ साली युरोपीय संघाच्या अर्थसाहाय्याने सुरू झालेला 'इम्पॅक्ट' हा प्रकल्प नेमका याच कामासाठी होता. पडद्यावरची ती सीमा रेखीव असते, रंगीत असते. धातूची पट्टी, नऊ विश्रांत हात, डुकराची कातडी, साखरेचे द्रावण, देहाबाहेर पडलेली ऊती, यांतले काहीच त्या रंगांतून दिसत नाही.

येथवर वाचून कोणी म्हणेल की हा सारा डोलारा पोकळ आहे. तसे आम्हांस म्हणायचे नाही, आणि तसे ते नाहीही. पेन्स यांच्या पाठाची चिकित्सा त्यांच्याच क्षेत्रात कसून झाली. वुल्फ यांनी १९७४ साली आक्षेप घेतला की रक्ताला दिशा असते, आणि या पदात दिशा कोठेच नाही. रक्त जणू हवेतून प्रकटते आणि हवेत विरते. चेन आणि होम्स यांनी १९८० साली दाखवले की बरोबरी केशवाहिन्यांत होते हा समजच ढिला आहे. रक्त केशवाहिनीपर्यंत पोहोचते तोवर ते त्याआधीच्या बारीक रोहिण्यांत बरेचसे बरोबरीला आलेले असते. वाइनबाउम आणि जीजी यांनी १९८५ साली शेजारून उलट दिशांनी वाहणाऱ्या रोहिणी-नीलांच्या जोड्यांचे निराळे समीकरण मांडले. हे पाठ अधिक शुद्ध होते, पण रक्तवाहिन्यांची इतकी बारीक माहिती मागत होते की ती पुरवणे दुरापास्त. साधा पाठ टिकला तो साधेपणामुळे. वाङ्मयाच्या इतिहासातही कोणता पाठ घरोघर गेला, हे विचारून पाहावे.

आणि मग १९९८ साली, बरोबर पन्नास वर्षांनी, त्याच नियतकालिकात यूजीन विस्लर यांनी मूळ निबंध पुन्हा उघडला. पेन्स यांचेच जुने आकडे त्यांनी अधिक काटेकोर पद्धतीने पुन्हा मांडले. निष्कर्ष असा, की सिद्धांत आणि मोजमाप यांचे पटत नाही हा जो बोभाटा झाला होता, त्याचे बरेचसे खापर आकडे मांडण्याच्या पद्धतीवर जाते. पेन्स यांच्यावरच्या पुष्कळशा टीकेला आधार नाही. मूळ हस्तलिखिताकडे जाण्याने मूळ लेखकाची अब्रू राखली जाते, याचे इतके स्वच्छ उदाहरण आमच्या वाचनात क्वचितच आले आहे. आमचा असा संशय आहे की मधल्या अर्धशतकात त्या निबंधाचा हवाला देणाऱ्यांपैकी पुष्कळांनी तो वाचला नसावा. पण हा संशय आम्ही आमच्याही क्षेत्राबद्दल बाळगून आहोत.

दरम्यान गळालेले अक्षर परतले होते, वेषांतर करून. १९९७ साली वाइनबाउम आणि सहकाऱ्यांनी, जे पेन्स यांचे कडवे टीकाकार समजले जात, स्नायूंसाठी नवा सिद्धांत मांडला. त्याचे फलित काय, तर पेन्स यांचेच पद, पण एकाहून लहान अशा एका गुणकाने गुणलेले. एकातून कप्पा वजा केल्यावर उरते ते हेच. नवा सिद्धांत त्या अंकाला अंदाजाऐवजी रक्तवाहिन्यांच्या रचनेचा आधार देतो, हा मोठा फरक आहे, आणि त्याचे श्रेय त्यांचेच. तरी अक्षराची जागा १९४८ साली राखून ठेवलेली होती.

यकृतात हे प्रकरण अधिक बिकट आहे. अग्रबाहूला रक्त रोहिणीतून मिळते. यकृताला बहुतांश रक्त पोर्टल नीलेतून मिळते आणि उरलेले रोहिणीतून, तर तेथील मूळच्या कर्करोगाची गाठ मुख्यतः रोहिणीवर पोसलेली असते. गाठीच्या आत एक पुरवठा, कडेवर दुसरा. त्यातच गाठ मोठ्या वाहिनीला खेटून असेल, तर तेथे सरासरी पुरवठ्याचे पद निरुपयोगी ठरते. डुकरांच्या यकृतावरील २००२ सालच्या प्रयोगांत ३ मिलिमीटरांहून जाड वाहिन्यांच्या अंगची ऊती जळण्यातून वाचलेली दिसली. वाहिनी आपल्याभोवतीची ऊब सतत वाहून नेते आणि जळलेल्या गोलाला तेथे खाच पडते. निरोगी पेशी वाचली तर ठीकच, पण रोगाची पेशीही त्याच खाचेत वाचते. म्हणून आता पुष्कळ प्रतिरूपांत जाड वाहिन्या सीटीवरून प्रत्यक्ष उतरवून घेतात आणि पेन्स यांचे पद फक्त बारीक जाळ्यासाठी ठेवतात. ऊती मेल्यावर तिच्यातला रक्तपुरवठा शून्य करतात. पण 'मेली' केव्हा म्हणायचे, हे पुन्हा त्या 'एक'वर ठरते.

आणि प्रत्यक्ष उपचारकक्षात? तेथे नियोजन अजूनही बहुतांशी सुईच्या उत्पादकाने दिलेल्या कोष्टकावर चालते: इतके वॅट, इतकी मिनिटे, इतक्या आकाराचा लंबगोल. ते कोष्टक सामान्यतः बैलाच्या वा डुकराच्या देहाबाहेरच्या यकृतावर मोजलेले असते, म्हणजे तेथे रक्त वाहतच नाही. संगणकीय प्रतिरूपाचा पाठ कितीही भ्रष्ट म्हटला, तरी रक्ताचा उल्लेख तरी त्यात आहे. डॉक्टर कोष्टक पाहतो, वाहिनी जवळ असेल तर अनुभवाने सुई तिच्या बाजूला थोडी सरकवतो किंवा दुसऱ्यांदा टोचतो. उपचारानंतर पुन्हा सीटी काढून आधीच्या चित्रावर ठेवतो आणि भोवतालची ५ मिलिमीटरांची कडा सगळीकडून भरली का, ते तपासतो.

अलीकडे काही संशोधक पडद्यावर एका रेषेऐवजी पट्टा काढतात: रक्तपुरवठा या टोकाचा धरला तर सीमा येथे, त्या टोकाचा धरला तर तेथे. पट्ट्याची रुंदी कधी कधी त्या आवश्यक कडेइतकीच निघते. रुग्णाला दाखवायला रेषा बरी पडते. डॉक्टरांना काय दाखवावे, यावर त्या लोकांत अजून एकमत झालेले नाही.